दरमहा ५० रुपये आणि वर्षाला एक पुस्तक : धर्मानंद कोसंबी

कासुर्डी, यवत, केडगाव या भागातला एखादा विद्यार्थी पालि विषय घेऊन पुण्याला जायचे म्हणाला, तर घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. संशोधक झाल्यावरही तो प्रश्न सुटत नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावे लागले, हे आपण पाहिले आहे. महाराष्ट्रात पालि आणि बौद्ध विद्येच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या माणसालाही हाच प्रश्न पडला होता.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. घरी नारळाच्या बागा, शाळेचे शिक्षण जेमतेम. 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात तथागतांचे चरित्र वाचले आणि बौद्ध धम्म मुळातून जाणून घ्यायचा ध्यास लागला. १८९९ मध्ये पत्नी व लहान मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. आधी पुणे, मग काशी. काशीत ब्राह्मण विद्यार्थी म्हणून अन्नछत्रात जेवण मिळाले, त्यावर संस्कृत शिकले. (हे जेवणही जातीमुळेच मिळत होते, हे विसरून चालणार नाही. आपल्या मुलांना ते दार बंद होते.) पुढे नेपाळ, बोधगया, श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांजवळ ते पालि शिकले, श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेशातही राहिले.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले व तिथे पालि शिकवू लागले. पगार बरा होता, मान होता. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहायचे आणि बडोदा संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहायचे. कोसंबींनी कलकत्ता सोडले! कमी पैसे घेतले, पण ज्ञान मराठी माणसापर्यंत नेण्याची मोकळीक मिळवली. बडोद्यातल्या व्याख्यानांतून १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांना दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे मिळाले, बदल्यात दहा वर्षे नोकरीचा करार. तो पाळायला बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यात गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला घर मिळाले नाही. शिष्यवृत्ती संस्थानाची असली तरी समाज संस्थानिकाच्या हाती नव्हता.

अमेरिकेतला अनुभव निराळा. हार्वर्डमध्ये वॉरन या श्रीमंत अभ्यासकाने अर्धवट सोडलेले 'विसुद्धिमग्ग'चे संपादन पुरे करायला कोसंबींना बोलावले होते. ग्रंथमालेमागे वॉरनचाच पैसा होता. काम कोसंबींनी केले. श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे हार्वर्डला ते पुन्हा पुन्हा गेले, पण मधल्या काळात, १९१२ ते १९१८, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पालि शिकवले. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे हे त्यांचेच विद्यार्थी. पुढे गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, असे आयुष्य गेले. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ या कामगार भागात बिर्लांच्या देणगीतून बहुजन विहार उभा राहिला, तिथेही ते राहिले.

या साऱ्या अभ्यासाचे मोठे फळ म्हणजे १९४० चे 'भगवान बुद्ध'. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कोसंबींनी ती मान्य केली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्ताचा आधार घेऊन, माणसे एकमेकांवर शस्त्र उचलतात या उद्वेगातून गृहत्याग घडला, असे त्यांनी मांडले. 'बोधिसत्त्व' नाटकात शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा त्यांनी मध्यभागी आणला. बाबासाहेबांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्येही गृहत्यागाचे कारण हाच पाण्याचा तंटा आहे. धरणाच्या आवर्तनावरून गावागावांत वाद होतात त्या आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगायला नको. शांतता आणि सामाजिक न्याय हा आज विद्यापीठांत अभ्यासाचा विषय झाला आहे. मराठीत त्याची ही सुरुवात ५० रुपयांवर झाली.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी देह ठेवला. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' १९५० मध्ये छापून आला, वॉरनच्या नावाखाली कोसंबींचे नाव घेऊन.