कर्मवीर भाऊराव पाटील : उपजीविकेकडून जीवनकार्याकडे

पोट भरण्याचा मार्ग माणसाला बहुधा लवकर सापडतो. आपला जन्म कोणत्या कामासाठी आहे, हे उमगण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागतो. त्या काळात नोकऱ्या बदलतात, धंदे बदलतात आणि भोवतालचे लोक अशा माणसास अस्थिर ठरवून मोकळे होतात. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या आयुष्यातील आरंभीची वर्षे अशीच गेली. परंतु त्या वर्षांतील एकही अनुभव वाया गेला नाही, हे त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी बाहुबली क्षेत्राजवळील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे सांगली परिसरातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगौंडा हे महसूल खात्यात कारकून होते. मुलाने शिकून सरकारी नोकरीत स्थिरावे, अशी त्या काळच्या कोणाही पित्याप्रमाणे त्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. त्यासाठी भाऊरावांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घालण्यात आले व राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली.

येथेच त्यांच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याची सूचना झाली, ती त्यांनी मानली नाही. बोर्डिंगचे व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना वसतिगृहातून काढून टाकले. लठ्ठे हे समाजाचे थोर पुढारी, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक. परंतु त्या प्रसंगी त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे अधिक न्याय्य होते, हे आज मान्य करण्यात समाजास संकोच वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी भाऊरावांना आपल्या छायेखाली घेतले. शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नाही. पदवी नाही आणि हाती नोकरीही नाही, अशा स्थितीत ते घरी परतले.

पुढे साताऱ्यास त्यांनी शिकवण्या सुरू केल्या. स्वतः मॅट्रिक न झालेला हा शिक्षक मुलांना उत्तम शिकवतो, अशी ख्याती झाली आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० मध्ये सहकाऱ्यांसह दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रमही निघाला. बीज रुजले होते, परंतु त्याचा वृक्ष होण्यास अद्याप अवकाश होता.

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असे त्यांच्यावर दडपण आले. ज्या लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगबाहेर काढले होते, त्यांच्याविरुद्धच ही साक्ष होती. जुना राग काढण्याची संधी आपणहून चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष नाकारली आणि त्याबद्दल तुरुंगवास व छळ सोसला. सत्याणुव्रत प्रवचनात ऐकणे सोपे असते. ज्याने आपला अपमान केला त्याच्यासाठी ते पाळणे किती कठीण, याचा हा वस्तुपाठ आहे.

यानंतर भाऊराव विक्रेते झाले. ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर यांच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. हा काळ त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकला जातो, वास्तविक त्यांचे खरे शिक्षण येथे झाले. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालवणाऱ्या शेतकऱ्यास लोखंडी नांगर घ्यावयास लावणे हे केवळ वक्तृत्वाचे काम नव्हे. त्यासाठी त्याच्या ओट्यावर बसावे लागते, त्याची शंका ऐकावी लागते, त्याचा विश्वास कमवावा लागतो. त्या ओट्यांवर भाऊरावांना कर्ज दिसले, अंगठे उमटवलेले कागद दिसले आणि शाळेचे तोंड न पाहिलेली मुले दिसली. कंदिलाने घर उजळते, नांगराने जमीन सुधारते. परंतु अक्षर न येणाऱ्या माणसाचे दारिद्र्य या दोहोंनी हटत नाही, अशी त्यांची खात्री झाली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. चरितार्थाचे साधन मात्र त्यांनी एका झटक्यात सोडले नाही. साताऱ्याच्या कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. पुढे मतभेद झाले व ते तेथून बाहेर पडले. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवणारे वसतिगृह तेथे उभे राहिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

या निवडीची किंमत घरानेही चुकती केली. सौभाग्यवती लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या जैन घरातील, सोवळेओवळे पाळणाऱ्या. त्याच माउलीने अठरापगड जातींच्या मुलांना पोटाशी धरले. धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या भाकरीसाठी गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या कार्याच्या जमाखर्चात ही रक्कम सर्वांत मोठी असून ती कधीही फिटणारी नाही.

पुढील काळात संस्थेने १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. मुलांनी श्रम करावे व त्या श्रमावर शिकावे, ही कमवा आणि शिका योजना येथे फळास आली. देणगीसाठी दारोदार फिरताना, गावकऱ्यांना शाळेसाठी जागा देण्यास राजी करताना त्यांच्या कामी आली ती तीच विक्रेत्याची चिकाटी. फरक इतकाच की, आता त्यांच्या पोतडीत कंदील व नांगर यांऐवजी शाळा होती. खादीची जाडीभरडी वस्त्रे, अनवाणी पाय आणि पांढरी दाढी, एवढाच त्यांचा परिग्रह होता.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या पुरुषास डी. लिट. ही पदवी दिली. भारत सरकारने त्याच वर्षी पद्मभूषण देऊन गौरव केला. ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांनी लावलेल्या वटवृक्षाच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत.

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांच्या वसतिगृहात आहारदान व ज्ञानदान एकाच ताटात वाढले गेले. आपला मुलगा एका कामात रमत नाही, म्हणून चिंतित होणाऱ्या पालकांनी व स्वतःस अपयशी समजणाऱ्या तरुणांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे. जे काम प्रामाणिकपणे केले ते पुढच्या कामाची शिदोरी होते, मात्र वाटेत दिसणाऱ्या दुःखाकडे डोळे उघडे हवेत. अशा या कर्मवीरास विनम्र अभिवादन.