३२ पानांची पीएचडी

थिसिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जाडजूड बाड, बाइंडिंग आणि गाइडच्या सहीसाठी चकरा, बरोबर? नेदरलँड्सच्या निको टिनबर्गनने पीएचडी ३२ पानांत आटोपली! १९३२ साली लायडन विद्यापीठाने ती कुरकुरतच मान्य केली. पठ्ठ्याला घाई होती ग्रीनलंडला जायची. नुकतंच लग्न झालेलं. बायकोला घेऊन तो तिथल्या इन्युइट लोकांमध्ये वर्षभराहून जास्त राहिला आणि स्नो बंटिंग नावाचे चिमुकले पक्षी आपल्या हद्दीसाठी कसे भांडतात, ते टिपत बसला.

परत येऊन तो लायडनमध्ये शिकवू लागला. मग युद्ध आलं. देश ताब्यात घेतलेल्या नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढलं, तेव्हा टिनबर्गन आणि त्याचे सहकारी विरोधात उभे राहिले. किंमत? ओलिसांच्या छावणीत दोन वर्षं. कधी कुणाला गोळी घालतील, याचा नेम नाही. तिथूनही तो घरच्या मुलांसाठी पक्ष्या-माशांच्या गोष्टी लिहून पाठवत राहिला.

सुटल्यावर तो प्राध्यापक झाला. आता सेटल व्हायचं ना? पण १९४९मध्ये ते पद सोडून तो ऑक्सफर्डमध्ये खालच्या हुद्द्यावर रुजू झाला. प्राण्यांच्या वागण्याचं हे नवं शास्त्र त्याला इंग्रजी बोलणाऱ्या जगापर्यंत न्यायचं होतं.

तिथे त्याचा वर्ग चार भिंतींत मावायचा नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांत, तो आणि त्याचे विद्यार्थी कुरव पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवून बसायचे. पिल्लू बाहेर आलं की कुरव फुटकं कवच चोचीत धरून लांब टाकून येतो. आपण म्हणू, साफसफाई! या मंडळींनी मात्र तपासून पाहिलं. काही अंडी नुसतीच वाळूत ठेवली, काहींच्या शेजारी फुटकं कवच ठेवलं. कवचाजवळची अंडी कावळ्यांनी जास्त पळवली. कवचाचा आतला पांढरा रंग चोराला थेट घरट्याचा पत्ता देत होता.

मग कुरव ते लगेच का नाही टाकत? कारण शेजारचेच कुरव ओलं पिल्लू गिळून टाकतात. पिल्लू सुकून गुबगुबीत झालं की मगच आईबाप घरटं सोडायची जोखीम घेतात.

१९७३मध्ये टिनबर्गनला कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. डेस्मंड मॉरिस, रिचर्ड डॉकिन्स हे त्याचेच विद्यार्थी. १९८८मध्ये तो गेला.

कवचाच्या त्या प्रयोगाला काय लागलं होतं, आठवा. अंडी, वाळू आणि भरपूर वेळ. उद्या कँटीनबाहेरचा कावळा काहीतरी विचित्र करताना दिसला, तर रील काढून लगेच पुढे जाऊ नका. थोडं थांबा आणि विचारा, हा असं का करतोय?