सम्राट मेनेलिक आणि परक्या राणीचे नाणे

(द्वितीय वर्ष, कला)

रणांगणावर शत्रूला हरविणारे राजे इतिहासात पुष्कळ होऊन गेले. परंतु बाजारात मुरलेल्या परक्या नाण्याला हटविणे किती अवघड असते, हे इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक याच्या चरित्रावरून ध्यानात येते.

मेनेलिकचा जन्म १७ ऑगस्ट १८४४ रोजी शोआच्या राजघराण्यात झाला. १८५५ मध्ये सम्राट तेवोद्रोस याने शोआ जिंकले. त्याच सुमारास वडील वारले आणि अकरा वर्षांचा हा राजपुत्र बंदी झाला. मगदलाच्या डोंगरी किल्ल्यावर त्याची दहा वर्षे गेली. तेवोद्रोसने त्याला मानाने वाढविले, आपली मुलगीही दिली; तरी १८६५ मध्ये तो तेथून निसटला आणि शोआचा राजा झाला.

त्या काळी इथिओपियाच्या बाजारात मिठाच्या विटा चलन म्हणून चालत आणि मोठ्या व्यवहाराला ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या मुद्रेचा चांदीचा थालर लागे. तांबड्या समुद्राच्या बंदरांतून कॉफीच्या व्यापाराबरोबर तो आत आला होता. सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. पण पुढे पाडलेल्या प्रत्येक थालरवर तेच साल राहिले. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८३. तिच्या खांद्यावरच्या पदकाचे मोती नीट दिसतात की नाही हे पाहूनच लोक नाणे घेत. आपल्याकडेही म्हाताऱ्या बायका राणीछाप रुपया जपून ठेवीत, तो चांदीच्या भरवशावरच.

मेनेलिकनेही कॉफी, सोने व हस्तिदंत यांच्या बळावर युरोपीय व्यापाऱ्यांकडून बंदुका घेतल्या. हे धन बरेचसे जिंकलेल्या दक्षिणेकडील प्रांतांतून आले आणि तेथील प्रजेचे त्यात फार हाल झाले, हेही विसरता येत नाही.

१८८९ मध्ये तो सम्राट झाला. त्याच वर्षी इटलीशी वुचालेचा तह झाला. तहाच्या इटालियन प्रतीत इथिओपिया इटलीच्या संरक्षणाखाली गेल्यासारखा अर्थ निघत होता; अम्हारिक प्रतीत तसे नव्हते. १८९० मध्ये इटलीने शेजारी एरिट्रिया वसाहत स्थापिली आणि १८९१ मध्ये राजा उंबेर्तोच्या मुद्रेचे नाणे काढले. थालर मागे पडावा हा हेतू होता. पण लोकांनी नव्या नाण्याकडे पाठ फिरविली.

परक्याचे चलन म्हणजे परक्याचा शिरकाव, हे मेनेलिकने ओळखले. १८९३ मध्ये त्याने स्वतःच्या नाण्याची आज्ञा काढली. पॅरिसच्या टाकसाळीत पाडलेल्या या नाण्यावर एका बाजूस त्याची मुद्रा व दुसऱ्या बाजूस सिंह होता. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे त्याने इटालियन सैन्याचा पूर्ण पराभव केला आणि त्याच वर्षी इटलीला इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. बाजारात मात्र त्याची आज्ञा तितकी चालली नाही. आपल्या विजयी सम्राटाच्या नाण्यापेक्षा प्रजेला जुन्या राणीचाच थालर खात्रीचा वाटे! १९०५ मध्ये बँक स्थापन झाली, तरी फारसा फरक पडला नाही. १२ डिसेंबर १९१३ रोजी मेनेलिक निवर्तला.

पुढे १९१८ मध्ये इटलीने थालरसारखेच दिसणारे नाणे काढून पाहिले. तेही चालले नाही. अखेर १९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी करताना मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून मूळ ठसेच मिळविले. दुसऱ्या महायुद्धात इटलीविरुद्ध लढणाऱ्या इंग्रजांनीही तोच थालर पाडला आणि तो आपल्या मुंबईच्या टाकसाळीत! दोन्ही शत्रूंना त्या मृत राणीची गरज पडली. १९४५ मध्ये इथिओपियाचे नवे चलन आले, तेव्हा तिचा अंमल ओसरला.

मग मेनेलिकचा प्रयत्न वाया गेला काय? मला तसे वाटत नाही. नाण्यावर कोणाची मुद्रा असावी हे राजा ठरवितो, पण ते घ्यावे की नाही हे मीठ-धान्य विकणारा साधा माणूस ठरवितो. तो विश्वास जडायला एका राजाचे आयुष्य पुरत नाही. मेनेलिकने देश स्वतंत्र राखला, म्हणूनच पुढच्या पिढीला तो मिळविण्याची संधी राहिली. त्याच्या नाण्याला लोक 'बिर' म्हणत. आजही इथिओपियाच्या चलनाचे नाव तेच आहे.