भिक्खू फाहियान : राजाचे नाव न लिहिणारा प्रवासी

शाळेच्या इतिहासात फाहियान एका वाक्यापुरते येतात. गुप्तकाळात आलेले चिनी प्रवासी, इथली प्रजा सुखी आहे असे त्यांनी लिहून ठेवले, एवढेच. एक गुण मिळतो आणि विषय संपतो. बौद्ध घरातल्या मुलांना या भिक्खूची ओळख याहून नीट झाली पाहिजे, असे आम्हाला वाटते. ज्या काळाला सुवर्णयुग म्हणायची आपल्याकडे सवय पडली आहे, त्या काळाबद्दल त्यांच्या छोट्याशा पुस्तकात असे काही आहे की जे पाठ्यपुस्तकात सहसा उतरत नाही.

फाहियान यांचा जन्म चौथ्या शतकातला, आजच्या चीनमधील शान्शी प्रांतातला. त्यांचे तीन थोरले भाऊ लहानपणीच दगावले होते. हा तरी जगावा म्हणून वडिलांनी त्यांना तिसऱ्या वर्षीच श्रामणेर केले, पण ठेवले घरीच. पुढे ते खूप आजारी पडले, विहारात नेल्यावर बरे झाले आणि मग घरी परतायला तयारच होईनात. ते दहा वर्षांचे असताना वडील वारले. आई एकटी पडली, आता चीवर सोड, असा आग्रह काकांनी धरला. मुलाने ऐकले नाही. आपण वडिलांच्या सांगण्यावरून संघात आलो नव्हतो, संसार नको म्हणून आलो, असे त्याचे म्हणणे होते.

त्यांच्या चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. विहाराच्या शेतात भाताची कापणी चालू असताना भुकेले चोर आले. बाकीचे श्रामणेर पळाले, फाहियान उभे राहिले. हवे तेवढे धान्य न्या, पण पूर्वी दान केले नाही म्हणून ही वेळ आली, आता चोरी करून पुढचेही बिघडवता आहात, असे त्यांनी चोरांना समजावले. चोर धान्य टाकून गेले. (गरिबीचे कारण मागच्या कर्मात शोधणे आम्हाला पटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण त्या पोराच्या धीटपणाबद्दल शंका नाही.)

भारतात ते तीर्थयात्रेसाठी आले, असे सरसकट सांगितले जाते. खरे कारण वेगळे होते. चीनमध्ये तोवर बरीच सूत्रे भाषांतरित झाली होती, पण विनयाचे ग्रंथ अपुरे आणि तुटक होते. विनय म्हणजे भिक्खू संघाची घटनाच. कसे जेवावे, चीवर किती बाळगावे, आलेले दान कसे वाटावे, भांडण झाले तर निवाडा कसा करावा, हे सगळे त्यात असते. घटनेशिवाय संस्था चालवायची म्हणजे काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. इ.स. ३९९ मध्ये फाहियान चार सोबत्यांसह चांगआनहून पायी निघाले. बहुतेक अभ्यासकांच्या हिशेबाने तेव्हा त्यांची साठी आली होती.

तुनहुआंगपुढचे वाळवंट पार करायला १७ दिवस लागले. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही. वाटेची खूण म्हणजे आधी मेलेल्या माणसांची हाडे. तिथून खोतान या राज्यात ते पोहोचले आणि इथे त्यांच्या लेखणीला खरा रंग चढतो. गोमती विहारात ३००० भिक्खू घंटा होताच जेवायला बसतात. कोणी बोलत नाही, पात्राचा आवाज होत नाही, काही हवे असेल तर सेवकाला हाक न मारता हातानेच खूण करतात. त्यांनी हे किती आस्थेने पाहिले ते वाचताना जाणवते. मूर्तींची मिरवणूक पाहायची म्हणून ते तिथे तीन महिने थांबले.

पुढे पामीरचे बर्फ. सिंधूच्या खोऱ्यात कड्यात खोदलेल्या ७०० पायऱ्या उतरून दोरांच्या पुलावरून नदी ओलांडायची. वाटेत आणखी काही भिक्खू सोबत आले होते, पण संख्या टिकली नाही. एक पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरात वारला. काहीजण तिथूनच मागे फिरले. हुइचिंग नावाचा सोबती बर्फाच्या डोंगरात कोसळला, त्याच्या तोंडाला फेस आला आणि तुम्ही थांबू नका, नाहीतर सगळेच मराल, असे सांगून त्याने प्राण सोडला. फाहियान त्याच्या देहावर हात फिरवत रडले आणि उठून पुढे चालू लागले.

मथुरेला ते पोहोचले तेव्हा यमुनेच्या दोन्ही काठांवर २० विहार आणि सुमारे ३००० भिक्खू होते. तिथून दक्षिणेकडच्या मध्यदेशाचे त्यांनी केलेले वर्णन म्हणजे पाठ्यपुस्तकातली ती प्रसिद्ध ओळ. लोक सुखी आहेत, सरकारदरबारी नोंदी कराव्या लागत नाहीत, राजाची जमीन कसणारे तेवढा वाटा देतात, शिरच्छेद नाही, बाजारात कवड्या चालतात. हिंसा, मद्य, कांदा-लसूण यांपासून लोक दूर राहतात. गादीवर तेव्हा दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य होता, पण त्याचे नाव या पुस्तकात कुठेच नाही.

चांडाळ मात्र आहेत. ते वस्तीबाहेर राहतात. नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांना कळावे आणि त्यांनी बाजूला होऊन स्पर्श टाळावा. मासेमारी, शिकार आणि मांसविक्री फक्त तेच करतात. फाहियान यांनी यावर टीका केलेली नाही, हळहळही व्यक्त केलेली नाही. कवड्यांची नोंद करावी तशी ही नोंद केली आणि पुढे गेले. आम्हाला एक साधा प्रश्न पडतो. चांडाळांखेरीज कोणी मांस खात नव्हते, तर ते बाजारात मांस विकत कोणाला होते? परदेशी भिक्खूला यजमानांनी जे सांगितले ते त्याने लिहिले असणार. पण लाकडाचा आवाज काही कोणी सांगून लिहिलेला वाटत नाही. तो कानांनी ऐकलेला आहे. पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याची आठवण ठेवणाऱ्या आपल्या लोकांना तो लगेच ओळखू येतो.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा अस्पृश्यता नेमकी कधी जन्माला आली हे ठरवण्यासाठी फाहियान आणि त्यांच्यानंतर दोनशे वर्षांनी आलेले युआन श्वांग, या दोघांची साक्ष त्यांनी काढली. साक्ष काढली म्हणजे डोळे मिटून स्वीकारली नाही. एकट्या चांडाळांच्या उदाहरणावरून सगळ्या अस्पृश्यतेचा निकाल लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. सारा पुरावा तपासून त्यांनी तो काळ इ.स. ४०० च्या सुमाराचा ठरवला, म्हणजे जवळजवळ फाहियान इथे पायी हिंडत होते तोच. राजांच्या प्रशस्ती कोरणाऱ्यांनी हे लिहिले नसते. सुवर्णयुग कोणासाठी होते, हे विचारायला आपल्याला आधार मिळाला तो एका परक्या भिक्खूच्या रोजच्या टिपणांचा.

बुद्धभूमीचे त्यांनी केलेले चित्र तर वाचवत नाही. श्रावस्तीत जेमतेम दोनशे घरे. कपिलवस्तू ओसाड, थोडे भिक्खू आणि काही दहा घरे, वाटेवर रानटी हत्ती-सिंहांची भीती. गया रिकामी. जेतवनात तिथल्या भिक्खूंनी विचारले, कुठून आलात? चीनमधून कोणी इथवर आल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. गृध्रकूटावर फाहियान यांनी फुले वाहिली, दिवे लावले आणि रात्रभर सूत्रपठण केले. तथागतांच्या हयातीत आपण जन्मलो नाही, याचे दुःख त्यांना आवरले नाही. पाटलिपुत्रात मात्र गजबज होती. तिथे धनिकांनी चालवलेली रुग्णालये होती, अनाथ, अपंग, आजारी अशा सगळ्यांना औषध आणि अन्न फुकट मिळे.

विनयाचा शोध सोपा नव्हता. उत्तरेत सगळीकडे विनय मुखोद्गत, लिहिलेली प्रत नाही. शेवटी पाटलिपुत्राच्या एका विहारात महासांघिकांचा विनय सापडला. तिथे तीन वर्षे राहून ते संस्कृत शिकले आणि ग्रंथ हाताने उतरवून घेतले. दक्षिणेत, म्हणजे आपल्या दख्खनकडे, डोंगर कोरून केलेला पाच मजली विहार असल्याचे त्यांच्या कानावर आले होते. पण वाट अवघड, राजाला भेटी देऊन सोबत मागावी लागे. आपण गेलो नाही, ऐकले तेवढे लिहितो, असे ते स्पष्ट नोंदवतात. हा प्रामाणिकपणा आजच्या किती प्रवासवर्णनांत असतो?

शेवटचा सोबती ताओचेंग इथल्या भिक्खूंची शिस्त पाहून भारतातच राहिला. फाहियान एकटेच ताम्रलिप्तीला आले, दोन वर्षे आणखी ग्रंथ उतरवले आणि जहाजाने सिंहलद्वीपाला गेले. अनुराधपुरात अभयगिरी विहारातल्या बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने चिनी पांढऱ्या रेशमाचा पंखा वाहिलेला त्यांना दिसला. इतक्या वर्षांत मायदेशाची वस्तू दिसली नव्हती. वाळवंटात न डगमगलेल्या या म्हाताऱ्या भिक्खूच्या डोळ्यांतून तिथे धारा लागल्या.

सिंहलद्वीपात दोन वर्षांत त्यांना महीशासक पंथाचा विनय मिळाला. परतीच्या जहाजाला वादळाने गाठले. व्यापारी माल समुद्रात फेकू लागले तेव्हा फाहियान यांनी आपला तांब्या आणि भांडे टाकून दिले, ग्रंथ सोडले नाहीत. जावाद्वीपाला पाच महिने अडकून दुसरे जहाज धरले, तर त्यालाही वादळ. या श्रमणामुळेच संकट आले, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्या, असे जहाजावरच्या ब्राह्मणांनी ठरवले. एक व्यापारी आडवा आला. याला उतरवायचे तर मलाही उतरवा, नाहीतर चीनला पोहोचल्यावर राजाकडे तक्रार करीन, असे त्याने बजावले आणि फाहियान वाचले. इ.स. ४१२ मध्ये जहाज कुठल्याशा किनाऱ्याला लागले. ओळखीची रानभाजी दिसली तेव्हा त्यांना कळले की आपण घरी आलो.

पुढे आजच्या नानजिंगमध्ये बुद्धभद्र या भारतीय भिक्खूसोबत त्यांनी महासांघिक विनयाचे भाषांतर पुरे केले. प्रवासाचे पुस्तक इ.स. ४१४ चे. एकोणिसाव्या शतकात ते फ्रेंच आणि इंग्रजीत गेले आणि कनिंगहॅम यांनी फाहियान आणि युआन श्वांग यांनी दिलेल्या अंतरांचा व दिशांचा माग काढत संकिसा आणि श्रावस्तीच्या जागा ओळखल्या.

ऐंशी ओलांडल्यावर चिंगचौच्या एका विहारात फाहियान यांचे निधन झाले. सिंहलद्वीपाहून वादळांतून आणलेला महीशासक विनय तेव्हा भाषांतराविना पडून होता. ते काम त्यांच्यानंतर काश्मीरहून आलेल्या बुद्धजीव या भिक्खूने हाती घेतले.