कच्चे मडके आणि गुरूचे घर

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली शिक्षणहक्काच्या नियमांत बदल केला आणि पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट पुन्हा लागू झाली. फेरपरीक्षेतही जो विद्यार्थी उत्तीर्ण होणार नाही त्याला त्याच वर्गात ठेवावयाचे, असा हा बदल आहे. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत आणि पालकांच्या बैठकीत एक जुनाच वाद नव्याने रंगू लागला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, छडी गेली आणि नापास होण्याची भीती गेली, तेव्हाच शाळेची शिस्तही गेली. दुसरा पक्ष म्हणतो की, कोवळ्या वयात माथी मारलेला नापासाचा शिक्का मूल जन्मभर पुसू शकत नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे; परंतु कठोर शिक्षक म्हणजे कोण, आणि नापास ठरलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय करावयाचे, या मूळ प्रश्नांना दोघेही हात घालीत नाहीत. या प्रश्नांचा विचार करावयाचा तर परदेशी शिक्षणशास्त्रज्ञांचे ग्रंथ धुंडाळण्यापूर्वी मराठवाड्यातील एका गावाकडे पाहणे उचित ठरेल. ते गाव म्हणजे कयाधू नदीच्या काठचे नरसी नामदेव. सातशे वर्षांपूर्वी चारचौघांत नापास ठरलेला एक विद्यार्थी आपला म्हणून हे गाव आजही अभिमानाने सांगते.

संत नामदेवांचा जन्म परंपरेनुसार शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई; घराणे शिंप्याचे. जन्मगाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी पंढरपूर म्हणतात, कोणी कृष्णाकाठच्या नरसिंगपुराकडे बोट दाखवितात. मात्र मराठवाड्याची श्रद्धा नरसीवर आहे आणि गावाने संतांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नरसी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही क्षेत्रे या नव्या जिल्ह्यात आली. पुढील हकीकत या दोन गावांमधील अंतराचीच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

नामदेवांचे बालपण पंढरपुरात विठ्ठलाच्या सान्निध्यात गेले. वडिलांनी देवाला दाखविण्यासाठी दिलेला नैवेद्य देव खात नाही हे पाहून तो लहानगा हट्टाला पेटला आणि अखेर देवाला जेवावे लागले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात सांगितली गेली आहे. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातून दिसणारा स्वभाव ध्यानात घेण्यासारखा आहे. हा मुलगा लाडका आहे, उत्कट आहे, आणि आपले म्हणणे मान्य होईपर्यंत न हटणारा आहे. अशा मुलाला लहानपणी सगळेच नावाजतात. त्याला शिकविणे मात्र कठीण असते, कारण आपल्याला अजून काही शिकावयाचे आहे हेच त्याला पटत नाही.

गोरोबांची परीक्षा

ती वेळ आली तेरच्या गोरा कुंभारांच्या घरी. ज्ञानदेवादी भावंडे, नामदेव आणि इतर संत तेथे जमले असता, वयाने नामदेवांहून धाकट्या असलेल्या मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना जमलेल्या मडक्यांची पारख करावयास सांगितले, अशी परंपरागत कथा आहे. कुंभाराने थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटीत तो पुढे निघाला. इतर संत शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र हा अपमान वाटला. त्यांनी तक्रार केली. गोरोबांनी निकाल देऊन टाकला की, एवढे एक मडके कच्चे राहिले आहे.

या परीक्षेकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावे. परीक्षक मातीत आयुष्य घातलेला कारागीर आहे, म्हणजे विषयाचा जाणकार आहे. परीक्षा सर्वांची सारखीच आहे. ज्ञानदेवांना सूट नाही आणि नामदेवांवर विशेष राग नाही. परीक्षा पाठांतराची नाही. ज्या गोष्टीत विद्यार्थी कमी आहे नेमकी तीच ती उघड करते. नामदेवांची भक्ती कमी पडली नव्हती. कमी पडली होती ती मानापमानाच्या पलीकडे जाण्याची तयारी. आणि निकालाचा शब्दही पाहण्यासारखा आहे. कच्चे म्हणजे फुटके नव्हे. फुटलेले मडके उकिरड्यावर जाते. कच्चे मडके भट्टीत जाते. कुंभार ज्या अर्थाने हा शब्द वापरतो त्यात उद्याच्या कामाची सूचना असते. आमच्या गुणपत्रिकेवरील नापास या शब्दात ती सूचना उरलेली नाही, हे आमचे दुर्दैव होय.

दुखावलेले नामदेव पंढरपूरला परतले आणि त्यांनी थेट विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर याहून मोठा वशिला त्रिभुवनात नव्हता. ज्याच्या हट्टापायी देव जेवला, त्याच्यासाठी एक निकाल फिरविणे देवाला अवघड नव्हते. परंतु कथा सांगते की, देवाने निकाल फिरविला नाही. कुंभाराचे म्हणणे खरे आहे, तू गुरूकडे जा, असाच त्याचा अभिप्राय पडला. मुलाला दोन गुण कमी पडले म्हणून मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहणाऱ्या आणि तेथे काम न झाल्यास पुढाऱ्यांची चिठ्ठी आणणाऱ्या आजच्या पालकवर्गाने कथेचा हा भाग पुन्हा एकदा वाचावा. मुलावर खरे प्रेम करणारा त्याच्या उणिवेवर पांघरूण घालीत नाही. तो ती भरून काढण्याचा मार्ग दाखवितो.

औंढ्याचा गुरू

तो मार्ग औंढा नागनाथच्या देवालयात विसोबा खेचरांपर्यंत जातो. हे विसोबा कोण होते? परंपरा सांगते की, हेच पूर्वीचे विसोबा चाटी. ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करणारे, मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापरही मिळू नये म्हणून कुंभारांना दटावणारे. पुढे ज्ञानदेवांचा अधिकार पाहून त्यांचे डोळे उघडले आणि वयाने लहान असलेल्या त्या मुलांपुढे त्यांनी मान लवविली. म्हणजे अहंकार मोडण्याची वेदना ज्याने स्वतः सोसली होती, अशा माणसाकडे हा अहंकारी विद्यार्थी पाठविण्यात आला. गुरूची निवड याहून नेमकी होऊ शकली नसती.

नामदेव पोहोचले तेव्हा विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून पडले होते. संतापलेल्या नामदेवांनी आक्षेप घेतला. म्हाताऱ्याने वाद घातला नाही आणि रागही मानला नाही. आपल्या अंगात त्राण नाही, तेव्हा जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव, एवढेच काम त्याने नामदेवांना सांगितले. नामदेव पाय उचलीत राहिले. जेथे ठेवावेत तेथे पिंडी दिसू लागली. अखेर जे उमगावयाचे ते त्यांना उमगले. देव पंढरपूरच्या एका मूर्तीत मावत नाही, हा तो धडा.

या भेटीत विसोबांनी नामदेवांना मारले नाही, हिणविले नाही, आणि लांबलचक उपदेशही केला नाही. तरीही त्यांच्याइतका कठोर शिक्षक शोधून सापडणार नाही. विद्यार्थ्याने सर्वांत घट्ट धरून ठेवलेली समजूत त्यांनी त्याच्याच हातांनी सोडविली. उत्तर सांगून टाकणे सोपे असते. उत्तरापर्यंत विद्यार्थ्याला चालवीत नेणे आणि तोवर स्वतः गप्प राहणे, यालाच कठोरपणा लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, तेव्हा शिक्षकाच्या हातातील शस्त्रच काढून घेतले, अशी तक्रार ऐकू आली. विसोबांची हकीकत सांगते की, ते शस्त्र शिक्षकाचे कधी नव्हतेच.

शिष्याचा गुरू झाला

नामदेवांच्या पुढील आयुष्यात या धड्याची फळे दिसतात. जो सहज दुखावला जात असे, तो आता दुखावलेल्यांचा आधार झाला. गंगाखेडहून आलेली पोरकी जनी दामाशेटींच्या घरी दळणकांडण करीत वाढली. त्या घरात तिला शब्द मिळाले आणि ती मराठीची थोर कवयित्री झाली. नामदेवांची आई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र, कन्या लिंबाई, बहीण आऊबाई, अशा सर्वांच्या नावे अभंगरचना सांगितली जाते. शिवणकाम करणारे एक घर शाळा झाले. विद्वत्तेचा गर्व बाळगणारा परिसा भागवत हा ब्राह्मणही शेवटी त्यांचा शिष्य झाला. आणि मंदिराचे दार ज्याला बंद होते तो चोखामेळा तर त्यांचा लाडका शिष्य. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा मजुरांसह गाडले गेले, तेव्हा नामदेव स्वतः तेथे गेले. परंपरेनुसार त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. शिष्याच्या मरणानंतरही आपली जबाबदारी संपली असे या गुरूने मानले नाही.

येथे नियमांचा प्रश्न उभा राहतो. चोखोबांना बाहेर ठेवणारा तोही एक नियमच होता आणि तो मोठ्या कसोशीने पाळला जात होता. म्हणून नियम कडक आहे की सैल आहे, एवढेच विचारून भागत नाही. तो विद्यार्थ्याला आत घेण्यासाठी आहे की बाहेर ठेवण्यासाठी आहे, हे आधी विचारावे लागते. पंढरीचा तो नियम मोडावयास पुढे सहा शतके लागली. १९४७ च्या मे महिन्यात मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसलेले साने गुरुजी हे अमळनेरच्या शाळेतील एके काळचे शिक्षकच होते, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पुढे ते उत्तरेकडे गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे त्यांनी मराठीचा आग्रह धरला नाही. ऐकणाऱ्यांना समजेल अशा भाषेत पदे रचली. त्यांतील एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, त्यामागे हेच ऋण होते. विद्यार्थ्याची बोली अशुद्ध म्हणून त्याला पहिल्याच दिवशी गप्प बसविणाऱ्या शिक्षकांनी नामदेवांचा हा पंजाबातील वर्ग डोळ्यांसमोर आणावा.

१३५० साली नामदेवांनी पंढरपुरात देह ठेवला. महाद्वारातील पायरी आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी, अशी त्यांची इच्छा होती, असे वारकरी मानतात. कोणे एके काळी मस्तकावर पडलेल्या थापटण्याने जो माणूस अपमानित झाला, त्यानेच ते मस्तक अखेर सर्वांच्या पायांखाली ठेवले. गोरोबांच्या परीक्षेचा खरा निकाल हा होता आणि तो लागावयास एक संपूर्ण आयुष्य लागले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. परीक्षा असावी की नसावी या वादात आम्ही शक्ती खर्च करीत आहो. गोरोबांची परीक्षा झाली नसती तर नामदेव औंढ्याला गेले नसते, हे खरे आहे. म्हणून परीक्षेला घाबरण्याचे कारण नाही. परंतु औंढ्याला विसोबा नसते तर त्या परीक्षेतून अपमानापलीकडे काहीच निष्पन्न झाले नसते, हेही तितकेच खरे आहे. २०१९ साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा अध्यापन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी, असे कलम घालण्यात आले. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही, हेही कायद्यात आहे. ही दोन कलमे म्हणजे कायद्याने लिहून ठेवलेली औंढ्याची वाट होय. ती वाट खरोखर चालली जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

एका शिक्षकाने दोन-दोन वर्ग सांभाळावयाचे, त्यातच निवडणुकीची, जनगणनेची आणि माहितीचे तक्ते भरण्याची कामे करावयाची, आणि उन्हाळ्याच्या सुटीत मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवावयाचे, अशी अपेक्षा ठेवून विसोबा निर्माण होत नाहीत. शासनाला परीक्षा घ्यावयाची असेल तर तिने जादा अध्यापनासाठी माणसे आणि वेळ आधी द्यावा, आणि मग निकाल लावावा. शिक्षकांनीही एक हिशेब स्वतःशी ठेवावा. वर्गात किती मुले नापास झाली हा आकडा कचेरीत जातोच. परंतु त्यांपैकी किती जणांना आपण स्वतः पुढच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविले, हा आकडा कोणी मागत नाही. तो आपणच मागितला पाहिजे.

१९७० साली नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांची गाथा प्रसिद्ध केली. ते कार्य उचितच झाले. परंतु नरसीच्या या सुपुत्राचे खरे स्मारक ग्रंथालयाच्या कपाटात नाही. ज्या खेड्यातील शाळेत एखादे कच्चे ठरलेले मूल पुढच्या जूनमध्ये पुन्हा बाकावर येऊन बसेल, आणि त्याचे गुरुजी त्याच्यासाठी आधीपासून तयार असतील, तेथे ते उभे राहील.