मागच्या जिन्याचं कुलूप

आमच्या लेडीज हॉस्टेलला दोन जिने आहेत. पुढचा रोजचा, मेसकडे जाणारा. मागच्या जिन्याला खाली जाळीचा दरवाजा आहे आणि रात्री साडेनऊला त्याला कुलूप लागतं. किल्ली वॉचमनकाकांकडे. काका स्वभावाने खूप चांगले आहेत आणि त्यांची झोप गाढ आहे. तीन वर्षांत मला या कुलपाचं काहीच वाटलं नव्हतं. उलट फोनवर आईने विचारलं की मीच सांगायचे, अगं सगळं बंद असतं, काळजी करू नकोस.

गेल्या सेमला इंडस्ट्रियल सेफ्टी हा विषय घेतला होता. (खरं सांगते, स्कोअरिंग आहे म्हणून!) त्यात न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याच्या आगीवर सरांनी जेमतेम दहा मिनिटं घालवली, कारण ते दोन मार्कांनाच येतं. मी मात्र त्या दहा मिनिटांतून बाहेर पडलेच नाही. त्याबद्दल वाचता वाचता एक आमदार भेटला, अल स्मिथ. मॅगझिनसाठी लिहायचं ठरल्यावर दुसरं कोणी सुचेना. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच सॉरी.

स्मिथचा जन्म ३० डिसेंबर १८७३ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. म्हणजे आयर्लंड, इटली, जर्मनी, रशिया अशा कुठून कुठून आलेल्या गरीब लोकांची दाट वस्ती. घराजवळच ब्रुकलिन ब्रिजचं काम चालू होतं. १८८३ मध्ये पूल सुरू झाला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, म्हणजे हा मुलगा आणि पूल बरोबरच वाढले. (सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी.) वडील घोडागाडीने मालाची ने-आण करायचे. ते लवकर गेले आणि चर्चच्या शाळेतलं शिक्षण आठवी पूर्ण व्हायच्या आत सुटलं. मग पडेल ते काम. त्यातलंच एक फुल्टन मासळी बाजारातलं, पहाटे चारला सुरू होणारं. पुढे मोठा झाल्यावर शिक्षणाचा विषय निघाला की तो या बाजाराचं नावच डिग्रीसारखं सांगायचा.

राजकारणात तो टॅमनी हॉलच्या आधाराने आला. टॅमनी म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातली यंत्रणा. गरिबाला हिवाळ्यात कोळसा द्यायचा, पोराला नोकरी लावायची आणि मत घ्यायचं. पैसे खाण्यातही तिचं नाव होतं. आपल्याला हे काही नवीन नाही! १९०३ मध्ये स्मिथ निवडून आला आणि राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला गेला. तिथे त्याला एकही बिल कळेना. मग तो रात्री खोलीवर बसून बिलं वाचायला लागला, बजेटचे आकडेसुद्धा, जे इतर कोणी वाचत नव्हतं. त्याच्या खोलीत राहणारा दुसरा आमदार होता रॉबर्ट वॅग्नर. १९११ पर्यंत हे दोन रूममेट कुठे पोचले बघा. स्मिथ विधानसभेत बहुमताच्या पक्षाचा नेता, आणि वॅग्नर राज्याच्या सिनेटमध्ये.

त्याच वर्षी २५ मार्चला, शनिवारी, संध्याकाळी सुटी व्हायच्या वेळेला ॲश बिल्डिंगला आग लागली. दहा मजली इमारत, वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर ऑफिस होतं, तिथे फोन गेला. नवव्या मजल्यावर कोणी कळवलंच नाही. तिथल्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं, कारण सुटीच्या वेळी सगळ्या मुली एकाच दाराने जाव्यात आणि चोरी होऊ नये म्हणून त्यांच्या पर्स तपासता याव्यात. मागचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने वाकून कोसळला. फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ जण मेले. त्यात १२३ बायका आणि मुली, बऱ्याचशा आपल्याच वयाच्या किंवा आणखी लहान. कित्येकींनी खिडकीतून उड्या टाकल्या.

इमारत फायरप्रूफ होती. आणि खरंच, इमारतीला फारसं काही झालं नाही.

काम चालू असताना दार कुलूप लावून ठेवू नये, असा कायदा न्यूयॉर्कमध्ये तेव्हाही होता! हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. दार बाहेरच्या बाजूला उघडावं असंही त्यात लिहिलं होतं, फक्त जमेल तिथे अशी सवलत ठेवून. दोघा मालकांवर खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते सुटले. त्या क्षणी दाराला कुलूप आहे हे मालकांना माहीत होतं, हे सिद्ध करता आलं नाही. त्यातल्याच एकाला १९१३ मध्ये दुसऱ्या कारखान्यात दार बंद ठेवल्याबद्दल पुन्हा पकडलं. दंड झाला २० डॉलर.

स्मिथ मेलेल्या मुलींच्या घरी गेला होता. त्याच्याच मतदारसंघातली, त्याच्या ओळखीच्या जिन्यांवरची घरं. पुढे चौकशीची मागणी घेऊन लोक आले, तेव्हा त्याने व्यवहारी सल्ला दिला. शहरातल्या प्रतिष्ठित माणसांची समिती नेमलीत तर आमदार ऐकणार नाहीत, ते फक्त आपल्यातल्यांचंच ऐकतात, तेव्हा समिती विधिमंडळाचीच हवी. तशी ती झाली. वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष, सोबत कामगार पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स आणि मेरी ड्रायर.

ही समिती ऑफिसात बसली नाही. फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाईंनी ती आग रस्त्यावर उभं राहून स्वतः बघितली होती. त्या आता समितीला कारखाने दाखवत फिरत होत्या. ऑबर्नला दोरखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी संपवून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका त्यांनी स्मिथला दाखवल्या. एका ठिकाणी मालकाने फायर एस्केप आहे म्हणून सांगितलं. भिंतीतल्या एका भोकातून बर्फाने गोठलेल्या शिडीवर जायची ती वाट होती. पर्किन्सबाईंनी वॅग्नरना त्या भोकातून सरपटत जायला लावलं. आपल्या प्रॅक्टिकलला असं इन्स्पेक्शन असतं तर!

१९११ ते १९१४ मध्ये या समितीमुळे तीसहून जास्त कायदे झाले. फायर ड्रिल, स्प्रिंकलर, बाहेर उघडणारी दारं, कारखान्यात सिगारेटला बंदी, मुलांच्या कामावर मर्यादा, इन्स्पेक्टरांची संख्या वाढवणं. स्मिथने ते विधानसभेत एकेक करून पास करून घेतले, १९१३ मध्ये तर तो स्पीकरच होता. आठवड्याची सुटी सक्तीची करताना डबाबंद फळं-भाज्यांच्या कारखानदारांनी स्वतःला वगळायला सांगितलं. तेव्हा त्याने सभागृहाला आठवण करून दिली की देवाच्या आज्ञेत सुटीचा दिवस पाळायला सांगितलाय, पण या कारखान्यांना वगळल्याचं त्याच्या वाचनात नाही.

त्याला एकदम देव करायची माझी इच्छा नाही. १९०९ मध्ये याच शिवणकामाच्या मुलींनी मोठा संप केला होता, ट्रँगलच्याही मुली त्यात होत्या, आणि टॅमनीच्या हाताखालचे पोलीस त्यांना मारत, पकडत होते. स्मिथ तेव्हाही आमदार होता. आगीनंतर टॅमनीला नव्या मतदारांची मतं हवी होती, हेही खरं. पुढे तो चार वेळा गव्हर्नर झाला. १९२६ मध्ये चौथ्यांदा गंभीर गुन्हा केला की जन्मठेप, असा कडक कायदा त्याच्याच सहीने झाला. मला तो पटत नाही. १९२८ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि हूवरकडून हरला. कॅथलिक असल्यामुळे त्याच्याविरुद्ध खूप विखारी प्रचार झाला होता. मग त्याने एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीचं अध्यक्षपद घेतलं. १०२ मजले, १९३१ मध्ये उद्घाटन. ४ ऑक्टोबर १९४४ ला तो वारला.

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही आत माणसं असताना दार आतून लगेच उघडलं पाहिजे, अशी अट होती. हॉस्टेल म्हणजे कारखाना नाही, हे मला मान्य आहे. रेक्टर मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की मागच्या जिन्याने एकदा बाहेरचा माणूस वर आला होता, तेव्हापासून कुलूप आहे. त्यांची भीती खोटी नाही. तो माणूस आला तेव्हा घाबरलेली मुलगी आज माझ्या शेजारच्या रूममध्ये राहते आणि तिने आमच्या अर्जावर सही केलेली नाही. मी तिला आग्रह केला नाही. अर्जात आम्ही कुलूप काढा असं लिहिलं नाही. आतून ढकललं की उघडणारा आणि उघडताच अलार्म वाजणारा आडवा बार असतो, बाहेरून तो उघडत नाही, तो बसवा असं लिहिलंय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघींनी अलार्मचं सर्किट फुकट करून द्यायचं कबूल केलंय. अर्ज मीटिंगमध्ये ठेवला जाणार आहे.

ती ॲश बिल्डिंग अजून उभी आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने तिचं नाव बदललं. आता तिथे सायन्सच्या लॅब आहेत, आणि आपल्यासारखीच मुलं-मुली त्या मजल्यांवर जर्नल घेऊन वर-खाली करतात.