धर्मगुरूची पिचकारी

लाझारो स्पालान्झानी हा कॅथलिक धर्मगुरू होता. आणि कृत्रिम गर्भधारणेच्या इतिहासाचे पहिले पान त्याच्याच नावावर आहे. १७२९ साली इटलीतील स्कान्दियानो येथे जन्मलेला हा वकिलाचा मुलगा बोलोन्यास कायदा शिकावयास गेला. तेथे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या लाउरा बास्सी या नात्यातील विदुषीने त्याला विज्ञानाची गोडी लावली, आणि कायदा मागे पडला. १७६९ पासून अखेरपर्यंत तो पाव्हिया विद्यापीठात अध्यापन करीत होता.

नराच्या रेताचे नेमके कार्य काय, हा त्या काळी मोठ्या वादाचा विषय होता. स्पालान्झानीने नर बेडकांना चक्क तंग चड्ड्या घातल्या! अंडी तशीच वाया गेली. परंतु चड्डीतील थेंब त्यांना लावताच ती फळली. पुढे १७८० च्या सुमारास त्याने कोंडून ठेवलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात कोमट पिचकारीने रेत सोडले. बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. रेत बर्फात गारठविले तर त्यातील हालचाल थांबते आणि ऊब मिळताच पुन्हा सुरू होते, हेही त्याने पाहिले होते.

मात्र एवढा चिकित्सक माणूस निष्कर्षात चुकला. रेत गाळणकागदातून गाळले असता खालचा द्रव निरुपयोगी ठरला आणि कागदावरचा गाळ गुणकारी; तरीही शुक्रजंतूंना तो परोपजीवीच समजत राहिला. जीव अंड्यात आधीपासूनच घडलेला असतो, या मताने त्याची दृष्टी बांधली गेली होती. प्रयोग खरा आणि प्रयोगकर्ता चूक, असे विज्ञानात वारंवार घडते.

१७९९ साली तो वारला. त्याच वर्षी लंडनच्या जॉन हंटरने पतीचेच रेत वापरून घडवून आणलेल्या गर्भधारणेची हकिकत प्रसिद्ध झाली. परक्या पुरुषाचे रेत प्रथम वापरले ते फिलाडेल्फियात, १८८४ साली, डॉ. पँकोस्ट यांनी. पत्नीला भूल दिलेली होती. पतीला मागाहून सांगण्यात आले, तिला कधीच नाही. या उपचाराच्या इतिहासातील लाजिरवाणे पान हेच होय. पिचकारीचा त्यात काही दोष नव्हता.

गोठविलेल्या रेतापासून मानवी गर्भधारणा झाल्याचे १९५३ साली जाहीर झाले. आज दात्याचे रेत गोठवून ठेवतात आणि रोगांच्या चाचण्या पुन्हा केल्यावरच वापरतात. ते गर्भाशयाच्या मुखाशी ठेवता येते, किंवा धुऊन बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडता येते. पहिली रीत सोपी आहे. दुसरीत धुणे अपरिहार्य असते, कारण न धुतलेल्या रेताने गर्भाशयात तीव्र कळा येतात. तथापि औषधे न देता, नैसर्गिक पाळीच्या चक्रात, दुसरी रीत निश्चित सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही. म्हणून जास्तीचा खर्च सुचविला गेल्यास दांपत्याने कारण जरूर विचारावे. भारतात २०२१ च्या कायद्यानुसार दात्याचे रेत नोंदणीकृत पेढीतूनच घ्यावे लागते, आणि सर्व संबंधितांची लेखी संमती असल्याखेरीज उपचार करता येत नाही.